लॅमिंग्टन रोडवरची नखभर खरेदी

ट्रिप ठरली, तिकिटं झाली, कॅमेऱ्याची बॅगही भरली. आणि मेमरी कार्ड? ते ‘जाताना कुठेतरी घेऊ’! असं म्हणणाऱ्या तमाम भटक्यांसाठी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला एक फेरफटका...

लाँग वीकएण्ड जवळ आला की ऑफिसमधल्या गप्पांना एकच विषय असतो. कुणी हम्पीला निघालेलं असतं, कुणी कासला, कुणी कोकणात गावी. पंधरा दिवस आधीपासून लेन्सवर चर्चा झडतात, ट्रायपॉड उसना मिळवला जातो, ड्रोनची परवानगी कुठे लागते हे विचारून झालेलं असतं. एवढं सगळं झाल्यावर आदल्या रात्री कुणाला तरी आठवण होते, ‘अरे, कार्ड?’ मग स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या टपरीवर जे मिळेल ते उचललं जातं.

गंमत बघा. कॅमेरा बंद पडला तर दुरुस्त होतो. लेन्स फुटली तर हळहळतो, पण दुसरी घेता येते. चार दिवस पायपीट करून जे टिपलं ते मात्र फक्त त्या नखाएवढ्या तुकड्यात असतं. बॅगेतली ही बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि ती गेली तर तिच्याबरोबर अख्खी ट्रिप जाते. म्हणूनच मी ही खरेदी निघायच्या निदान आठवडाभर आधी करते, आणि तीही लॅमिंग्टन रोडला जाऊन. ऑनलाइन एका क्लिकवर मिळत असताना कशाला, असं विचाराल तर माझं उत्तर एकच. तिथे माल बघता येतो, चार दुकानांत विचारता येतं आणि बाजाराची हवाही खाता येते!

ग्रँट रोड, पूर्वेकडून

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं. फेरीवाले, टॅक्सी आणि हातगाड्या चुकवत पाच-सात मिनिटं चाललं की रस्त्याचा नूर बदलतो. कपडे-चपला मागे पडतात आणि वायरींची भेंडोळी, सीसीटीव्हीचे डोळे, लॅपटॉपचे चार्जर दिसायला लागतात. कुठून तरी सोल्डरिंगचा वास येतो, त्यात कटिंग चहाचा मिसळतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ‘लॅमिंग्टन रोड’ म्हणाल तरच गाडी हलेल. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव काही केल्या या रस्त्याला सोडत नाही.

या रस्त्याचं आणि चित्रांचं नातं तसं जुनं. एकेकाळी ही थिएटरांची रांग होती. १९७५ साली आलेला ‘शोले’ इथल्याच मिनर्व्हात पाच वर्षं चालला. नाझच्या आवारात सिनेमाच्या वितरकांची ऑफिसं होती. त्या काळी एक सिनेमा हलवायचा तर रिळांचे पत्र्याचे डबे हमालाच्या डोक्यावरून जायचे. आज त्याच रस्त्यावर अख्खा सिनेमा शर्टाच्या खिशात मावतो आणि दुकानदार तो लिफाफ्यात घालून देतो, हरवू नये म्हणून.

कॅमेऱ्यांची म्हणाल तर मोठी दुकानं फोर्टात, सीएसएमटीजवळ बोरा बाजारच्या बाजूला. लेन्स घ्यायची तर तिकडे जावं. पण कार्ड, रीडर, हार्ड डिस्क अशा साठवणीच्या गोष्टींसाठी लॅमिंग्टन रोड बरा. चार दुकानं पालथी घातली की भावाचा अंदाज येतो आणि कोण नुसता खोका विकतो आणि कोणाला माल कळतो, हेही समजतं.

‘कॅमेरा कौनसा है?’

चांगला दुकानदार ओळखायची माझी एक साधी खूण आहे. तुम्ही ‘चौसष्ट जीबी कार्ड द्या’ म्हणालात आणि त्याने लगेच काउंटरवर ठेवलं, तर नमस्कार करून पुढे जा. मागच्या खेपेला एका अरुंद दुकानातल्या काकांनी कार्डाला हात लावण्याआधी विचारलं, ‘‘बहेन, कॅमेरा कौनसा है? व्हिडिओ निकालोगे या खाली फोटो?’’ अशा दुकानात थांबायचं.

कारण ‘एसडी कार्ड’ या एका नावाखाली अख्खं एकत्र कुटुंब नांदतं. १९९९मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता) आणि तोशिबा यांनी मिळून एसडी आणलं. साधं एसडी २ जीबीपर्यंत. २००६मध्ये आलेलं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत. २००९मध्ये जाहीर झालेलं एसडीएक्ससी त्यापुढे २ टीबीपर्यंत. दिसायला सगळी भावंडं सारखी, कोपरा कापलेली. पण नियम एकेरी आहे. नव्या कॅमेऱ्यात जुनं कार्ड चालतं, जुन्या कॅमेऱ्यात नवं कार्ड चालेलच असं नाही. एसडीएचसीपर्यंतच ओळख असलेल्या हँडीकॅममध्ये १२८ जीबीचं कार्ड घातलंत तर तो ‘कार्ड एरर’ दाखवून मोकळा होतो. कार्डावर एचसी आहे की एक्ससी हे छापलेलं असतं, आणि कॅमेऱ्याला काय चालतं ते त्याच्या माहितीपुस्तिकेत. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या, काम सोपं होतं.

ॲक्शन कॅमेरा आणि ड्रोनला लागतं ते मायक्रोएसडी. ते ॲडॅप्टरमध्ये घालून मोठ्या कॅमेऱ्यातही वापरता येतं. अडीनडीला ठीक, पण रोजच्या वापराला मी मोठ्या कॅमेऱ्यासाठी मोठंच कार्ड घेते. मधला ॲडॅप्टर म्हणजे बिघडू शकणारा आणखी एक जोड. आणि ती करंगळीच्या नखाएवढी चकती समुद्रकिनारी हातातून पडली तर शोधून दाखवा!

आकड्यांची जत्रा

आता कार्ड हातात घ्या. एवढ्याशा जागेत इतके आकडे आणि खुणा की डोळे फिरतात. सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो सेकंदाला अमुक एमबीचा आकडा. दुकानदारही त्याच्यावरच बोट ठेवतो. हा आकडा बहुतेक वेळा कार्डावरून वाचण्याचा वेग असतो, म्हणजे घरी आल्यावर फोटो लॅपटॉपवर किती भराभर उतरतील तो. कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या वेगाची, आणि व्हिडिओला तर त्यातही ‘किमान इतका मिळेलच’ अशा हमीची.

ती हमी छोट्या खुणांमध्ये असते. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तरी १०च, ३ असेल तर ३०. व्ही अक्षरापुढे ३०, ६०, ९० असेल तर तेवढे एमबी. ए१, ए२ ही खूण फोनमधल्या ॲप्ससाठी असते. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी तिच्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

मग आपल्याला किती लागतो? इथे एक साधा भागाकार आहे. कॅमेरे व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डं मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून आठने भागायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट असतो. भागिले आठ, साडेबारा एमबी. म्हणजे १० एमबीची हमी देणारं कार्ड इथे कमी पडू शकतं आणि ३०वालं आरामात पुरतं. फुल एचडी हँडीकॅमचा २८ मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे जेमतेम साडेतीन एमबी. त्याला साधं क्लास १०सुद्धा भरपूर झालं. आणि कुणी ४०० मेगाबिटवर शूटिंग करत असेल तर ५० एमबी लागतील, तिथे व्ही६० घ्यावं. बाकी व्ही९०च्या वाटेला आपण कशाला जायचं? ते पैसे हॉटेलच्या समुद्राकडच्या खोलीसाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट. यूएचएस-१ जातीच्या कार्डांची मूळ मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यावर १७०, २०० असे आकडे दिसले तर ते त्या कंपनीच्या तंत्राला जुळणाऱ्या रीडरमध्येच मिळतात. यूएचएस-२ खरोखर वेगवान, त्याच्या पाठीवर पिनांची दुसरी ओळ असते. पण तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत ती ओळ वाचायची सोयच नसेल तर ते जुन्याच वेगाने चालणार. महामार्गावरची गाडी गल्लीत आणली की जे होतं तेच!

किती जीबी? डब्याचा हिशोब

आई प्रवासाचा डबा भरताना माणसं आणि जेवणं मोजायची, वर दोन पोळ्या जास्त ठेवायची. कार्डाचंही तसंच करा.

समजा चार दिवसांची हम्पी. दिवसाला ३०० फोटो, रॉ आणि जेपीईजी दोन्ही मिळून एका फोटोला साधारण ३५ एमबी. झाले साडेदहा जीबी. दिवसाला २० मिनिटं ४के व्हिडिओ, सेकंदाला साडेबारा एमबीने १५ जीबी. म्हणजे रोजचे साडेपंचवीस आणि चार दिवसांचे शंभरच्या किंचित वर. फक्त जेपीईजी काढणार असाल आणि व्हिडिओ फोनवर घेणार असाल तर एक ३२ जीबी कार्डही पुरेल. ५१२ जीबीचं कार्ड ‘असू दे’ म्हणून घेण्याआधी हा हिशोब पाकिटाच्या पाठीवर मांडून बघा.

घरी येऊन ६४ जीबीचं कार्ड संगणकाला लावलं आणि ५९.६ दिसलं तर दुकानदाराला शिव्या देऊ नका. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या. फरक मोजण्याचा आहे, मालाचा नाही. पण ६४च्या जागी ६४ दिसलं म्हणून ते खरंच ६४ आहे, असंही नाही. ही गोष्ट जरा गंभीर आहे.

नावं आहेत, आत काही नाही

माझ्या टीममधला एक सहकारी दोन वर्षांपूर्वी राजापूरजवळच्या गावी गेला होता. आजी शहाऐंशीची. घरातलं जातं कित्येक वर्षं बंद होतं, ते त्याने हौसेने पुसून घेतलं आणि आजीला जात्यावर बसवलं. दळायला काही नव्हतं, मूठभर तांदूळ टाकले. आजी आधी लाजली, मग ओव्या म्हणायला लागली. एकामागून एक, जवळजवळ दीड तास. त्यातल्या अर्ध्या त्याच्या आईनेही कधी ऐकल्या नव्हत्या. त्याने सगळं रेकॉर्ड केलं. कॅमेऱ्यात नवं कोरं १२८ जीबीचं कार्ड होतं, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत मिळालेलं.

मुंबईत येऊन त्याने कार्ड लॅपटॉपला लावलं. एसटी स्टॅण्ड, पाऊस, अंगण, फणसाचं झाड, सगळं व्यवस्थित. त्यानंतरच्या फाइल्सची नावं होती, तारखा होत्या, आकारही होता. उघडल्या की काहीच नाही. आजी पुढच्या गणपतीपर्यंत राहिल्या नाहीत.

ते कार्ड खरं होतं ८ जीबीचं. नकली कार्डांची युक्ती अशीच असते. आतल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ती कॅमेऱ्याला बिनदिक्कत सांगते, ‘माझ्यात १२८ जीबी जागा आहे.’ कॅमेरा विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की पुढचा माल कुठेच लिहिला जात नाही, किंवा फिरून आधीच्या फोटोंवरच लिहिला जातो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काहीही चुकलेलं दिसत नाही. म्हणून हे दुकानातही कळत नाही, ट्रिपवरही कळत नाही, कळतं ते घरी.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. विंडोजसाठी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्ससाठी ‘एफ३’ अशी छोटी प्रोग्रॅम्स मिळतात. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. सेकंदाला ३० एमबीने १२८ जीबी भरायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, वाचायला आणखी थोडा वेळ. रात्री लावून झोपायचं. सकाळी निकाल हातात. कार्ड आठवडाभर आधी घ्यायचं ते याचसाठी. खोटं निघालं तर बदलून आणायला वेळ राहतो.

लॅमिंग्टन रोडवर याच कारणाने मी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जाते आणि बिल घेते. ‘‘बिल चाहिये तो जीएसटी लगेगा,’’ असं कुणी हळूच सुचवलं तर म्हणायचं, ‘‘लगाओ.’’ पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागताना पंचाईत होते. आणि वॉरंटी आहे म्हणून गाफीलही राहू नका. ती कार्डाची असते. कार्ड बदलून मिळतं, ओव्या नाही.

जुन्या डिजिकॅमची नवी हौस

मागच्या खेपेला त्याच काउंटरवर कॉलेजातून नुकतीच नोकरीला लागलेली दोन मुलं उभी होती. हातात चंदेरी रंगाचा, पाच मेगापिक्सेलचा डिजिकॅम. ‘‘काका, याला कार्ड मिळेल का?’’ मुलगा विचारत होता, ‘‘बाबांच्या कपाटात सापडला.’’ काकांनी चष्मा वर केला, कॅमेरा उलटा-सुलटा केला आणि हसले. सध्या ही हौस जोरात आहे. २०००च्या दशकातले कॅमेरे, त्यांचा तो चपटा फ्लॅश आणि किंचित धुरकट रंग तरुणांना आवडायला लागलेत.

हौस छान आहे, फक्त कॅमेरा घेण्याआधी त्याची खाच बघा. त्या काळी प्रत्येक कंपनीचं गोत्र वेगळं होतं. सॅनडिस्कचं कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४चं, सोनीची मेमरी स्टिक १९९८ची, ऑलिम्पस आणि फुजीफिल्मचं एक्सडी २००२चं. सोनीने २०१०मध्ये एसडीलाही दार उघडलं आणि ही भांडणं हळूहळू मिटली. त्यामुळे चोर बाजारात स्वस्तात पडलेला एखादा गोजिरवाणा कॅमेरा एक्सडीवाला निघाला, तर कॅमेऱ्यापेक्षा कार्ड शोधण्यातच तुमचे शनिवार जातील. एसडीची खाच असली तरी २००६च्या आधीचा बहुतेक माल २ जीबीवरच थांबतो. पाच मेगापिक्सेलच्या फोटोंना २ जीबी भरपूर, पण ते नवं दुकानात मिळणं कठीण. त्या दोघांना काकांनी खणातून एक जुनं १ जीबीचं कार्ड काढून दिलं. पैसे? ‘‘फोटो निकालके दिखाना,’’ एवढंच म्हणाले.

कार्ड म्हणजे कपाट नव्हे

हँडीकॅममध्ये मिनीडीव्ही कॅसेट असायच्या तेव्हा एक बरं होतं. तासाभराची कॅसेट भरली की तिच्यावर बॉलपेनने ‘गणपती २००३’ लिहायचं आणि ती कपाटात जायची. पुढच्या वेळी नवी कॅसेट. कार्ड महाग वाटतं म्हणून आपण तेच पुन्हा वापरतो, आणि वापरायचं म्हणजे आधीचं पुसायचं. शिवाय वर्षानुवर्षं खणात पडून राहिलेल्या कार्डातली विद्युतभाराच्या रूपातली नोंद हळूहळू विरत जाऊ शकते. म्हणून कार्ड हा प्रवासातला डबा समजा, घरी आल्यावर रिकामा करायचा. फोटो दोन ठिकाणी उतरवा, एक लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. दोन्हीकडे उघडून बघा. मगच कार्ड फॉरमॅट करा.

आणि एकच मोठं कार्ड की दोन लहान? माझं मत दोनला. हम्पीच्या त्या शंभर जीबीसाठी मी ६४ची दोन घेते आणि तिसरं जादा. पहिल्या दोन दिवसांचं कार्ड भरलं की ते कॅमेऱ्याच्या बॅगेत नाही, पाकिटात जातं. बॅग चोरीला गेली तरी अर्धी ट्रिप खिशात राहते. कॅमेऱ्याला दोन खाची असतील तर आणखी उत्तम, दोन्हीवर एकदम लिहायची सोय चालू करून टाका.

खरेदीआधी खिशात ठेवा

• कॅमेऱ्याला एसडी, एचसी की एक्ससी चालतं ते पुस्तिकेत बघून जा.

• ४के व्हिडिओसाठी यू३ किंवा व्ही३० बघा. फक्त फोटो आणि फुल एचडीसाठी क्लास १० पुरतं.

• गाडीतल्या डॅशकॅमला ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच कार्ड घ्या. तिथे दिवसभर लिहिणं-पुसणं चालू असतं.

• नवं कार्ड आधी तपासा, मग ज्या कॅमेऱ्यात वापरणार त्यातच फॉरमॅट करा.

• कार्डाच्या कडेचा ‘लॉक’चा खटका खाली सरकला असेल तर कॅमेरा लिहिणार नाही. ‘बिघडलं’ म्हणण्याआधी तो बघा.

• लिहिण्याचा दिवा लुकलुकत असताना कार्ड काढू नका, बॅटरी तर नाहीच.

• चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेलं बऱ्याचदा लगेच नाहीसं होत नाही, ‘फोटोरेक’सारख्या मोफत प्रोग्रॅमने परत मिळू शकतं. नकली कार्डात जे लिहिलंच गेलं नाही, ते मात्र कशानेच मिळत नाही.

तर मंडळी, ट्रिपच्या आधीच्या शनिवारी ग्रँट रोडचं तिकीट काढा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर्स खाली असतात. पुस्तिकेच्या पानाचा फोटो, हिशोबाचा कागद आणि थोडा वेळ एवढं जवळ असू द्या. काम आटपलं की कोपऱ्यावर कटिंग आणि वडापाव आहेच. आणि गावी जाणार असाल तर आजीला जात्यावर बसवायच्या आधी एक मिनिट रेकॉर्ड करून, परत लावून बघा. आजीलाही ऐकवा. आपलाच आवाज ऐकून ती आणखी दोन ओव्या जास्त म्हणेल!